नकाशावरचा रिकामा किनारा

मटिल्डाला चूक दिसली की ती दुरुस्त करून घेतल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, आणि त्यापायी तिनं जन्मभर लोकांचा राग ओढवून घेतला. वसईतल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची आणि मी मराठी. एखाद्या पोरानं बेडकाच्या हृदयाला चार कप्पे काढले, तर लाल शेरा मारून ही बाई थांबायची नाही. त्याला स्टाफरूममध्ये बोलवायची, शेजारच्या खुर्चीवर बसवायची आणि त्याच्याच हातानं एक कप्पा खोडून घ्यायची. लग्नाच्या पत्रिकेत तारखेशी वार जुळत नसला, तर यजमानांना फोन जायचा. मी तिला म्हणायचे, "मटिल्डा, स्वर्गाच्या दारात किल्ल्या सांभाळणाऱ्या सेंट पीटरलासुद्धा तू त्या मोजायला लावशील." ती हसायची नाही. "मोजलेल्या बऱ्या," एवढंच म्हणायची.

मी वसुंधरा. माहेर रत्नागिरीकडचं, लग्न होऊन वसईत स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये आले ती इथलीच झाले. मटिल्डा मात्र पिढ्यान् पिढ्यांची इथली, वटारकडच्या एका आळीतली. कॅथलिक घर, मागे केळींची आणि तगरीची वाडी, पुढे ओटी. नवरा सेबॅस्टियन पोस्टात होता. तो जाऊन काही वर्षं झाली. मुलगा मर्विन कॅनडात. आम्ही दोघी निवृत्त झालो तरी आमचं भेटणं सुटलं नाही, आणि भांडणं तर त्याहून नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना तिनं मला फोन करून बोलावून घेतलं. "काम आहे, चष्मा घेऊन ये," म्हणाली. मराठीतून विज्ञानाचं साहित्य तयार करणाऱ्या एका संस्थेनं तिच्यावर एक काम सोपवलं होतं. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या हाडांतून शास्त्रज्ञ डीएनए काढतात. जगभरात असा जो काही डीएनए मिळाला, त्याची माहिती इंटरनेटवर एका संग्रहात गोळा केलेली होती. कोणीही उघडून बघावी. हा संग्रह अकरावी-बारावीच्या मुलांना दाखवावा का, त्यातली माहिती भरवशाची आहे का, त्यात उणं काय आहे, हे सगळं तपासून मराठीत अहवाल द्यायचा होता. तपासणार ती आणि वाक्यं नीट करणार मी. मानधन विचारलं तर तिनं विषय बदलला. मला वाटलं, घरी बसून कंटाळली असेल.

खरं कारण मला पुढे कळलं. पण तुम्हाला ते आत्ताच सांगून टाकते, कारण ते ठाऊक नसेल तर नंतर ती जे वागली तो निव्वळ चक्रमपणा वाटेल.

मर्विनच्या आधी मटिल्डाला एक मुलगी झाली होती. दिवस पुरे भरले होते, पण मूल जन्मलं ते निपचित. आता त्यांच्यात मूल जन्मल्यावर बाप्तिस्मा होतो, तेव्हा त्याला नाव मिळतं आणि ते देवाच्या घरचं होतं. बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या मुलाला पवित्र केलेल्या मातीत ठेवत नाहीत, अशी गावात जुन्या लोकांची समजूत होती. अशा मुलांसाठी दफनभूमीच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीलगत एक कोपरा होता. तिथे ना क्रूस, ना दगड. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी नाही, घंटा नाही. घरातला एखादा पुरुष मूल नेऊन ठेवायचा आणि परत यायचा, आणि त्यानंतर घरात तो विषय निघायचा नाही.

मटिल्डाच्या सासूबाईंनी तिला मूल दाखवलंसुद्धा नाही. अशा मुलाचं तोंड आईनं बघितलं तर पुढचं मूल जगत नाही, म्हणाल्या. पलीकडच्या खोलीत टॉवेलचा सळसळ आवाज झाला आणि दार लागलं, एवढंच तिला आठवत होतं. तिनं बाप्तिस्म्यासाठी पांढऱ्या पॉपलिनचा झगा शिवून ठेवला होता. गळ्याला बारीक लेस होती. तो तसाच कपाटात राहिला. दोन वर्षांनी मर्विन झाला तेव्हा सासूबाईंनी नवा आणायला लावला.

सेबॅस्टियननं मुलीला नेलं होतं. कुठे ठेवलं ती जागा त्याला एकट्याला ठाऊक. तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव आपापल्या कबरी झेंडूनं सजवून मेणबत्त्या लावायचं, तेव्हा हा माणूस एक मेणबत्ती त्या भिंतीवर ठेवून यायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी." ती ऐकून मान खाली घालायची. मग सेबॅस्टियन गेला, आणि त्याच्याबरोबर ती जागाही गेली.

आता दफनभूमी अपुरी पडू लागली होती. तिकडे काही वर्षांनी कबर उघडून हाडं काढतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, म्हणजे कबर पुढच्यासाठी मोकळी होते. कोनाड्यांची नवी भिंत नेमकी त्या कोपऱ्यात उभी राहणार असं ठरलं. पाया खणला जाणार होता. त्याआधी आपली मुलगी तिथून उचलायची आणि घरच्या कबरीत सेबॅस्टियनच्या पायाशी ठेवायची, म्हणजे पुढे आपणही तिथेच जाऊ, एवढी एकच गोष्ट मटिल्डाला आयुष्यात आता करायची उरली होती. पण त्या कोपऱ्यात गावातली किती लेकरं असतील कोण जाणे. त्यातली आपली कुठली? अशा वेळी हाडावरून नातं ओळखणाऱ्या शास्त्राचं काम तिच्या दारात चालून आलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं.

यातलं काहीही मला माहीत नव्हतं. मी आपली रोज दुपारी रिक्षानं तिच्याकडे जायचे, ओटीवर बसून चहा प्यायचे आणि ती लॅपटॉपवर काय काय शोधून काढते ते बघायचे. सुरुवातीला मजा आली, खोटं कशाला बोलू. त्या संग्रहात जगाचा नकाशा होता आणि जिथे जिथे जुनी हाडं सापडली तिथे ठिपके. ठिपक्यावर बोट दाबलं की त्या माणसाची माहिती यायची: बाई की पुरुष, किती जुना, कुठल्या हाडातून डीएनए काढला, आसपास पुरलेल्यांशी काही नातं होतं का. एक थडगं मटिल्डाला भर समुद्रात सापडलं. अक्षांश आणि रेखांश भरताना कोणीतरी उलटेपालटे केले होते. एका बाईचा दात एका गटानं तपासलेला आणि कानामागचं हाड दुसऱ्या गटानं, म्हणून ती एकच बाई दोन माणसं म्हणून मोजली गेली होती. "बिचारी दोनदा मेली," मी म्हटलं. मटिल्डानं तेवढ्याच गंभीरपणे शेरा लिहिला.

ती नुसत्या चुका काढत नव्हती हेही सांगायला हवं. जिथे काम चोख होतं तिथे तिनं तसं लिहिलं. हात लावणाऱ्या माणसाचा डीएनए जुन्या हाडाला चिकटतो आणि घोटाळा होतो; तो घोटाळा झालेला नाही हे त्या लोकांनी कसं पडताळलं, याचं तिला फार कौतुक होतं. "बघ, हे स्वतःवर संशय घेतात," म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कधी ऐकली नव्हती.

आणि मग एके दिवशी ती नोंद आली. कुठल्याशा थंड देशातली टेकडी, चार हजार वर्षांपूर्वीचा एक खड्डा, त्यात एक बाई आणि तिच्या कुशीत तान्ही मुलगी. शेजारी फोटो होता. बाईचा हात मुलीच्या पाठीवर वाकलेला, आता नुसती हाडं, पण हात कसा ठेवलाय ते कळत होतं. खाली लिहिलेलं, आई व मुलगी. मी म्हटलं, "मटिल्डा, हीच नोंद मुलांना सगळ्यात आधी दाखवायची."

ती मूळ संशोधन उघडून वाचत बसली. चहावर साय आली तरी वाचतच होती. मग मला म्हणाली, "लिही. आई म्हणण्याइतका पुरावा नाही. मुलीचा डीएनए फारच थोडा मिळालाय. तेवढ्यावरून फक्त जवळचं नातं कळतं. बहिणीसुद्धा असतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं बाई, कुशीत पोर आहे! पाठीवर हात आहे! आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

"हात मेल्यावर दुसऱ्यांनी ठेवलाय, वसू. कोणाला कोणाजवळ ठेवायचं ते पुरणारे ठरवतात."

"मग पुरणाऱ्यांना ठाऊक असणारच की आई कोण ते!"

"असेल. पण ते सांगायला राहिले नाहीत ना," ती म्हणाली आणि लॅपटॉपचं झाकण लावलं. पस्तीस वर्षांच्या ओळखीत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी पाहिलं. मग तिनं ते सगळं सांगितलं, टॉवेलचा आवाज, झगा, भिंतीवरची मेणबत्ती. मी तिच्याशेजारी नुसती बसून राहिले.

माझ्या मसुद्यातला 'आई' शब्द मात्र तिनं मला खोडायला लावलाच. अहवालात लिहिलं, 'अगदी जवळचं नातं, नेमकं कोणतं ते सांगता येत नाही.'

त्यानंतर मला तिच्या कामाची भीती वाटू लागली, कारण ती आता कशासाठी काय शोधतेय ते मला दिसत होतं. नकाशा सरकवत सरकवत तिनं आपल्या किनाऱ्यावर आणला. डहाणूपासून खाली कोकणापर्यंत त्या संग्रहात एकही ठिपका नव्हता. वर थंड देशांमध्ये ठिपके तांदूळ सांडल्यासारखे पडलेले आणि आपल्याकडे नुसता पिवळसर, रिकामा पट्टा. तिनं शोधाच्या चौकटीत एकेक गोष्ट भरली. वय, नवजात. हवा, उष्ण आणि दमट. ठिकाण, समुद्रकाठ. मग बटण दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि खाली अक्षरं आली, एकही नोंद नाही.

"म्हणजे अजून कोणी शोधलं नसेल," मी म्हटलं.

"तेही आहे. पण शोधलं तरी फारसं मिळत नाही." ती वर्गात बोलायची त्याच सुरात बोलू लागली, आणि तेच मला सहन होईना. "आपल्याकडे पावसात जमिनीतलं पाणी वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं. हाड भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं. त्यात ऊन. डीएनए तुटून जातो. आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलाचं हाड म्हणजे धड हाडसुद्धा नसतं गं. मऊ असतं. ते फार वर्षं राहत नाही."

"पण ही हजारो वर्षांची गोष्ट आहे. तुझी मुलगी परवाची."

"माझ्या मुलीला चाळीस पावसाळे झाले," ती म्हणाली.

तिचा सगळा अभ्यास तिला एकच गोष्ट सांगत होता आणि ती गोष्ट तिनं ऐकलीही होती. तरी दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन फादर डेरिकला भेटायला गेली. फादर डेरिक तरुण, आमचाच विद्यार्थी, तिच्यापुढे बसून कप्पा खोडलेल्यांपैकी एक. पाया यंत्रानं न खणता आधी हातानं खणावा, आणि काही सापडलं तर ते आपल्याला बघू द्यावं, अशी तिनं विनंती केली. कारण सांगितलं. सांगताना ती त्याच्याकडे न बघता टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती.

फादरनं आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाला, "टीचर, हे तुम्हाला सांगावं की नाही कळत नाही. पण तुम्ही नंतर वाचाल आणि मला विचाराल, म्हणून सांगतो. तेव्हाही तिला आतल्या मातीत ठेवता आलं असतं. आईबापांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती, एवढं पुरे होतं. तेव्हाच्या फादरना कोणी विचारलं असतं, तर ते स्वतः प्रार्थना म्हणायला आले असते."

"कोणी विचारलं नाही?"

"विचारायचं काय, सगळ्यांना वाटलं आपल्याला माहीतच आहे. आजीच्या काळी होतं ते तसंच चालू राहिलं."

मटिल्डानं पेपरवेट उचलला, खाली ठेवला. "मी झगा शिवला होता," म्हणाली. "मी इच्छा शिवून ठेवली होती, डेरिक." बाहेर आल्यावर रिक्षात ती एवढंच बोलली, "सगळ्या गावाच्या चुका काढल्या मी. ही एक माझ्या घरात बसली होती आणि मी तिला नमस्कार करत होते." मला तिच्या सासूचा असा संताप आला की विचारू नका. पण ती म्हातारीसुद्धा बिचारी घाबरूनच वागली असणार. पुढचं मूल जगावं म्हणून. संताप करायलाही कोणी सापडत नाही, हे त्यात सगळ्यात वाईट होतं.

मृतांच्या दिवशी त्या वर्षी मटिल्डानं भिंतीवर मेणबत्ती लावली. त्याच आठवड्यात तिनं अहवाल पुरा केला. संग्रह मुलांना जरूर दाखवावा, असं लिहिलं. चुका क्रमानं दिल्या. शेवटी एक सूचना होती, त्यात मी कानामात्रेचाही फरक केला नाही: 'नकाशावर जिथे ठिपके नाहीत तिथे माणसं नव्हतीच, असा मुलांचा समज होईल. त्या रिकाम्या जागेवर लिहावं की इथेही माणसं जगली आणि मेली, मातीनं त्यांचं काही राखलं नाही.' ते वाचून मी तिला म्हटलं, "मग आता खणायला कशाला जातेस? तुला तर ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणून काय झालं," ती म्हणाली.

फादर डेरिकनं रविवारच्या मिस्सेनंतर सांगितलं होतं की ज्यांची लेकरं त्या कोपऱ्यात आहेत त्यांनी शनिवारी सकाळी यावं. चर्चमध्ये कोणी हूं की चूं केलं नाही. मटिल्डा मला म्हणाली, "मी एकटीच असेन बहुतेक, तू ये." मी गेले. तिच्या हातात कापडी पिशवी होती. आत काय आहे ते मी विचारलं नाही. लेसचा एक पांढरा कोपरा बाहेर आला होता.

आम्ही पोचलो तेव्हा कोपऱ्यात दोन मजूर फावडी घेऊन उभे होते आणि फादर. थोड्या वेळानं फाटकातून एक बाई आली, मग दुसरी. एक छत्री घेऊन, ऊन नसताना. एका घरच्या सासू आणि सून वेगवेगळ्या फाटकांनी आल्या आणि एकमेकींना बघून जागच्या जागी थबकल्या. एका छपराखाली जन्म काढला होता दोघींनी. सगळ्यात शेवटी काठी टेकत रेजिना मावशी आली. भातशेती करणाऱ्या घरातली, ऐंशीच्या पुढची, लाल लुगडं नेसलेली. तिला मी बाजारात वालाच्या शेंगा विकताना नेहमी बघायचे. सात मुलांची आई म्हणून सगळे तिला ओळखत. आठवं कोणाला माहीत नव्हतं.

खणायला सुरुवात झाली. मटिल्डा खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसली आणि प्रत्येक फावड्याची माती हातानं चाळून बघू लागली. मुळं निघाली. कौलाचा तुकडा निघाला. एकदा काहीतरी पांढरं, नखाएवढं चमकलं आणि सगळ्या बायका एकदम पुढे झाल्या. मटिल्डानं ते बोटांत धरलं, चष्म्याजवळ नेलं, अंगठ्यानं पुसलं.

"शिंपला आहे," ती म्हणाली. बायका मागे सरल्या.

ऊन चढलं. खड्डा कमरेइतका झाला. कुठे काही नव्हतं, फक्त वाळू, एखाद्या ठिकाणी जराशी काळपट. मजूर थांबले आणि फादरकडे पाहू लागले. फादरनं प्रार्थना म्हटली, त्या कोपऱ्यात पहिल्यांदाच. बायका आमेन म्हणाल्या. मग तो म्हणाला की ज्यांना हवी त्यांनी थोडी माती आपल्या घरच्या कबरीसाठी न्यावी. पण कोणी हललं नाही. कुठली उचलायची?

रेजिना मावशी काठी टेकत मटिल्डाजवळ आली. "टीचर," म्हणाली, "तू म्हने हजार वर्सांची हाडं कोनाची ते सांगतेस. फादर बोलला. माझं लेकरू यातलं कुठलं ते दाखव."

मला वाटलं, आता ही सांगणार. जमिनीतलं पाणी, मऊ हाड, चाळीस पावसाळे, सगळं सांगणार. फोटोतल्या कुशीतल्या पोरीला जिनं आई मिळू दिली नाही, ती बाई आणखी काय करणार? मी मनातल्या मनात तिला हात जोडले, की मटिल्डा, आज नको.

मटिल्डानं मावशीकडे पाहिलं. मग ती खड्ड्यात उतरली, एका बाजूला वाकली, बोटांनी वाळू उकरली, जवळ नेऊन पाहिली, टाकली, दुसरी घेतली. नीट तपासल्यासारखी तिनं एक काळपट मूठ निवडली आणि वर आली. "ही घ्या, मावशी. ही तुमची."

"खरं?"

"तपासली मी."

मावशीनं पदर पसरला. मूठभर वाळू त्यात आली तशी तिनं पदर गच्च आवळून छातीशी धरला. मग हळूच विचारलं, "पोरगा व्हता की पोरगी? मला कोनी सांगितलंच नाय गो."

"मुलगी," मटिल्डा म्हणाली. एक क्षणसुद्धा न थांबता.

"पोरगी," मावशी म्हणाली, आणि खाली बसून मोठ्यानं रडू लागली. तो आवाज माझ्या कानांतून अजून जात नाही. मग बाकीच्या एकेक पुढे आल्या. मटिल्डा प्रत्येकीसाठी खड्ड्यात उतरली, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी वाकली, प्रत्येकीच्या हातावर वेगळी मूठ ठेवली. मुलगी. मुलगा. मुलगा. तिनं सासूला दिली आणि सुनेलाही दिली, आणि त्या दोघी एकमेकींचा हात धरून एकाच फाटकानं बाहेर पडल्या. मी बाजूला उभी राहून रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

बायकांपैकी शेवटी आम्ही तिघीच राहिलो. मावशीनं डोळे पुसले आणि मटिल्डाच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "आनि तुझी, टीचर?"

मटिल्डानं झगा बाहेर काढला. पॉपलिन घडीवर पिवळं पडलं होतं. ती खड्ड्याकडे बघत राहिली.

"माझी मला ओळखता येत नाही, मावशी."

"नीट बघ गो," मावशी म्हणाली. "तू तर सगळ्यांच्या चुका काढतेस. बघ नीट."

मटिल्डा पुन्हा खाली उतरली. यावेळी ती वाकली नाही, उकरलं नाही. झगा दोन्ही हातांत धरून चारी बाजूंच्या वाळूकडे तिनं नीट पाहिलं. सेबॅस्टियन मेणबत्ती ठेवायचा त्या भिंतीकडे पाहिलं. मग झग्याची घडी घालून तो पिशवीत ठेवला आणि माझ्याकडे हात केला; मी तिला वर ओढून घेतलं. तिचा हात वाळूनं खरखरीत झाला होता.

"पाया भरायला सांग, डेरिक," ती म्हणाली.